मांजराचं ऑपरेशन ठरलंय आणि अंगावर पिसवा आहेत? गोठ्यातलं गोचिडाचं औषध आधी लांब ठेवा

माहिती विशेष | खटाव तालुका प्रतिनिधी

ज्याच्या घरात ज्वारीची पोती आणि परड्यात कांद्याची चाळ, त्याच्या घरी मांजर असतंच. आपण मांजर पाळतो असं म्हणण्यापेक्षा मांजर आपल्याकडं राहायला येतं. दूध-भाकरी घालायची, उंदरांचं ते बघून घेतं. आजवर मांजराला दवाखाना दाखवायची पद्धत आपल्याकडं नव्हती. आता हळूहळू पडायला लागलीय. मांजरीला वर्षातनं दोन-तीनदा पिल्लं होतात, त्यातली निम्मी कुत्री धरतात, काही गाडीखाली जातात. ते बघवत नाही म्हणून लोक मांजरीचं पिल्लं बंद व्हायचं ऑपरेशन करून घेतात, बोक्याचंही करतात.

आणि मग ऐन वेळेला पिसवांची आठवण होते. एरवी मांजर दिवसभर बाहेर, त्याच्या अंगाकडं कोण बघतंय? ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्याला पिशवीत घालायचं म्हणून धरलं की केसांतून पळणाऱ्या पिसवा दिसतात. मग व्हॉट्सअॅपवर प्रश्न येतो, "दादा, सकाळी ऑपरेशन आहे, पिसवा लई झाल्यात, आज रात्री काय मारू?"

उत्तर आधीच सांगून टाकतो, बाकीचं वाचायला वेळ नसेल तरी चालेल. आज रात्री काहीच मारू नका. फणीनं निघतील तेवढ्या पिसवा काढा, मांजर कोरडं ठेवा आणि सकाळी डॉक्टरांना पहिली गोष्ट तीच सांगा. औषध घालायचंच असेल तर ते ऑपरेशनच्या आठ-दहा दिवस आधी, मांजरासाठीचंच आणि डॉक्टरांना विचारून.

आमच्या बोक्याचं काय झालं

चार वर्षांपूर्वी आमच्या बोक्याचं खच्चीकरण ठरलं होतं. रात्री बघितलं तर मानेखाली, पोटाला पिसवाच पिसवा. डॉक्टर काय म्हणतील, एवढं घाण जनावर घेऊन आला म्हणतील, ही लाज मला जास्त. गोठ्यात गाईच्या गोचिडाच्या औषधाची अर्धी बाटली होती. गाईला जसं पाण्यात मिसळून लावतो तसंच मिसळलं आणि फडक्यानं बोक्याच्या अंगाला फिरवलं. आई म्हणत होती, "आरं, ते चाटतंय बघ." मी म्हणालो, वाळंल की.

पहाटे उठलो तर बोका चुलीपाशी पडून थरथरत होता. तोंडातनं लाळ, कान आणि पाय झटके देत होते. हात लावला की जास्त ताठ व्हायचा. दवाखान्यात नेलं, ऑपरेशन बाजूलाच राहिलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, अंगाला काय लावलं? मी आधी "काय न्हाय" म्हणालो. खरं सांगायला मला दहा मिनिटं लागली. बोका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला.

हे लिहायला बरं वाटत नाही, पण असा माणूस मी एकटा नाही हे मला आता माहीत आहे. बातमीसाठी दवाखान्यात जाणं-येणं असतं. तिथं अशी मांजरं येतात आणि आणणारा माणूस माझ्यासारखाच आधी "काय न्हाय" म्हणतो.

गाईला चालतं ते मांजराला का नाही

गोचिडाच्या बऱ्याच औषधांत सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं. कापसावर, भाजीपाल्यावर मारायच्या कीटकनाशकांतही हीच नावं सापडतात. गाय, म्हैस, कुत्रा यांचं यकृत हे औषध मोडून शरीराबाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारं एक काम फारच कमी होतं, जन्मजातच. त्यामुळं औषध अंगात साचतं आणि नसांवर चढतं. वर मांजर दिवसातला बराच वेळ अंग चाटत बसतं, म्हणजे कातडीवर लावलेलं पोटातही जातं.

याच घराण्यातलं आणखी एक नाव म्हणजे परमेथ्रिन. हे कुत्र्यांच्या काही पिसवांच्या औषधांत भरपूर असतं. माणसांच्या खरजेच्या मलमात आणि उवांच्या लोशनमध्येही असतं. पोरीच्या उवांचं लोशन उरलंय, तेच मांजराच्या केसांना चोळू, असं कुणाच्या मनात येऊ शकतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. बाटलीवर औषधाच्या नावाचा शेवट "थ्रिन" असा दिसला की ती मांजरापासून लांब ठेवायची आणि डॉक्टरांना विचारायचं.

दुसरं औषध अमित्राझ. तेही गोचिडासाठीच मिळतं. आणि ऑपरेशनच्या बाबतीत त्याची भीती वेगळी आहे. मांजराला गुंगी आणायला आपल्याकडच्या दवाखान्यांत झायलाझीन आणि केटामीन ही इंजेक्शनं पुष्कळ वापरतात. झायलाझीननं हृदयाचे ठोके कमी होतात, अंग गार पडतं. डॉक्टर तो हिशोब धरूनच मात्रा ठरवतात. अमित्राझ शरीरात ज्या जागी काम करतं ती जागा झायलाझीनचीच आहे. म्हणजे आदल्या रात्री अमित्राझ लावलेल्या मांजराला सकाळी गुंगीचं इंजेक्शन दिलं तर एकाच जागेवर दोन औषधांचा भार पडतो. डॉक्टरांना वाटतं आपण मात्रा बरोबर दिलीय आणि टेबलावर ठोके मात्र घसरत जातात.

तिसरा गट क्लोरपायरिफॉस, डायक्लोरव्हॉस यांचा. डायक्लोरव्हॉसवर, म्हणजे लोक नुवान म्हणून ओळखतात त्यावर, देशात 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे, पण जुन्या बाटल्या माळ्यावर असू शकतात. या औषधांनी लाळ, उलटी, जुलाब होतात, श्वास अडकतो. असं जनावर भूल झेलण्याच्या अवस्थेत नसतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या तिन्ही गटांच्या विषबाधेवरचे उपचार वेगवेगळे आहेत. क्लोरपायरिफॉससारख्यावर अॅट्रोपिनचं इंजेक्शन आहे. अमित्राझचा परिणाम उलटवणारी औषधं आहेत. "थ्रिन"वाल्यांवर मात्र उतारा म्हणून असं ठरलेलं इंजेक्शन नाही. झटके थांबवायचे, अंग धुवायचं, ऊब द्यायची आणि वाट बघायची. लावलं काय हे कळलं नाही तर डॉक्टरांनी नेमकं द्यायचं काय? मी घालवलेली ती दहा मिनिटं म्हणूनच मला टोचतात.

घरगुती उपायांचंही तेच. तंबाखूचं पाणी म्हणजे निकोटीन, ते सरळ विष आहे. फिनेल, कापूर, रॉकेल मांजराच्या अंगाला लावायचं नसतं. कडुलिंबाचं तेलही मांजरासाठी बिनधोक नाही, चाटून त्रास होतो. गाईला टोचायचं आयव्हरमेक्टिन काही जण कुठल्याही जनावराला टोचतात. त्यानं पिसवांचा धड बंदोबस्त होत नाही आणि मोठ्या जनावराच्या बाटलीतली मात्रा मांजराला, विशेषतः पिल्लाला, सहज जास्त होते.

पिसवा असल्या तर ऑपरेशन होत नाही का?

होतं. चार-दोन पिसवा आहेत म्हणून कुणी डॉक्टर मांजर परत पाठवत नाही. ते मांजर वेगळं ठेवतात, टेबल नंतर पुसून घेतात. पिसवा दिसल्या म्हणून आपल्याला जी लाज वाटते तिचं काही कारण नाही.

पण फार पिसवा असतील तर प्रश्न रक्ताचा असतो. साधारण 72 माद्या पिसवा मिळून दिवसाला 1 मिलि रक्त पितात. ऐकायला थोडं वाटतं. आता मांजरात रक्त किती असतं ते बघा. किलोमागे साठेक मिलि धरलं तर 3 किलोच्या मांजरीत 180 मिलि, म्हणजे मोठा कपभर. अर्धा किलोच्या पिल्लात 30 मिलि, दोन मोठे चमचे. त्या पिल्लाच्या अंगावर शे-दीडशे पिसवा आठवडाभर राहिल्या तर काय उरणार? अशा पिल्लाला भूल सोसत नाही आणि ऑपरेशनमध्ये थोडं जरी रक्त गेलं तरी ते भरून काढायला अंगात शिल्लक नसते.

हे घरीच बघता येतं. मांजराचा वरचा ओठ अंगठ्यानं उचला. हिरडी गुलाबी दिसली तर ठीक. पांढरी, कागदासारखी दिसली, मांजर सुस्त असेल, धाप लागत असेल तर ऑपरेशनची तारीख विसरा, आधी दवाखाना. घरात दुसरं तजेलदार मांजर असेल तर दोघांच्या हिरड्या शेजारी-शेजारी बघा, फरक लगेच कळतो.

पिसवा आहेत का याचीच शंका असेल तर सोपी खूण सांगतो. मांजराच्या शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर काळी बारीक कणी असते, मातीसारखी. ती ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचंच पचलेलं रक्त. डाग नाही पसरला तर माती.

आठ-दहा दिवस हातात असतील तर

मांजरांसाठी मानेवर टाकायचे थेंब मिळतात. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन ही त्यातली नेहमीची नावं. खोक्यावर मांजराचं चित्र आणि मांजराचं वजन छापलेलं असलं पाहिजे. खटाव-वडूजच्या बाजारात जनावरांच्या औषधांच्या दुकानात बहुतेक कुत्र्याचंच मिळतं आणि दुकानदार सांगतो, "एकच आहे, अर्धं टाका." एकच नसतं. कुत्र्याच्या काही थेंबांत परमेथ्रिन मिसळलेलं असतं आणि अर्धं केलं तरी ते मांजराला पुष्कळ होतं. नावात फिप्रोनिल दिसलं तरी खाली दुसरं काय मिसळलंय ते वाचा. इंग्रजी वाचायला अडचण असेल तर खोक्याचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. एवढ्यासाठी तरी स्मार्टफोनचा उपयोग व्हावा.

आणि एक गोंधळ इथंच मिटवू. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही नावं उसाच्या, भाताच्या औषधांतही आहेत. म्हणून शेतातलं औषध मांजराला चालत नाही. त्यात औषध कितीतरी तीव्र असतं आणि ते विरघळवायला घातलेली रसायनं वेगळी असतात.

टाकायचं कसं? मानेच्या मागं, दोन खांद्यांच्या मध्ये, जिथं मांजराची जीभ पोचत नाही. केस दोन्हीकडं सारून कातडी दिसेल असं करायचं आणि नळी कातडीला टेकवून पिळायची. केसांवर टाकलं तर वाया जातं. मांजर चिडलं तर दोघांनी धरायचं. एकट्यानं केलं की औषध अर्धं आपल्या हातावर. टाकायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. औषध कातडीच्या तेलावर पसरायला तेवढा वेळ लागतो. एक-दोन दिवसांत अंगावरच्या पिसवा मरायला लागतात. घरात दोन मांजरं असतील तर वाळेपर्यंत वेगळी ठेवायची, ती एकमेकांना चाटतात.

आठ-दहा दिवस कशाला, असं विचाराल. एक तर कुठल्याही औषधानं एखाद्या मांजराला त्रास होऊ शकतो: लाळ गळते, मान लाल होते, एखादं दिवसभर रुसून कोपऱ्यात बसतं. हे सगळं ऑपरेशनच्या आधी होऊन निवळायला हवं. भूल दिल्यावर मांजराला काही झालं तर ते भुलीमुळं की थेंबांमुळं, हे डॉक्टरांना ओळखता आलं पाहिजे. दुसरं, पिसवांनी खाजवून-खाजवून झालेल्या जखमा तोवर सुकतात. पोटावर चीर द्यायची तिथंच खरूज-खपल्या असतील तर टाके पिकायची भीती राहते.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला आणि गाभण किंवा पाजणाऱ्या मांजरीला स्वतःच्या मनानं कुठलंही औषध घालू नका. पिल्लांसाठी फणी सगळ्यात भली.

फक्त एक-दोन दिवसच उरले असतील तर

डोक्यातल्या उवा काढायची बारीक दातांची फणी घ्या. आजीच्या पेटीतली लाकडी असेल तर उत्तम, नाहीतर बाजारात स्टीलची मिळते. शेजारी भांड्यात साबणाचं पाणी ठेवा. मानेपासून शेपटीकडं फणी ओढायची आणि प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्यात बुडवायची. साध्या पाण्यात पिसू तरंगते आणि उडी मारून निघून जाते, साबणाच्या पाण्यात बुडते. नखावर चिरडू नका. त्यांच्या पोटात फितीच्या जंताची अळी असू शकते. मांजर अंग चाटताना पिसू गिळतं आणि त्यातूनच ते जंत त्याच्या पोटात जातात. शेपटीखाली काकडीच्या बियांसारखे पांढरे तुकडे दिसत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

दहा-दहा मिनिटं दिवसातनं तीनदा फणी फिरवली की पिसवा निम्म्यानं तरी कमी होतात. आमची आताची मनी पहिल्या दिवशी फडा काढून बसायची, तिसऱ्या वेळेला घुरघुर करत मांडीवरच झोपली.

आदल्या दिवशी आंघोळ मात्र घालू नका, गरम पाण्यानंही नाही. भूल दिल्यावर मांजराचं अंग तसंही गार पडतं. आतून ओलसर राहिलेलं मांजर जास्त गार पडतं आणि शुद्धीवर यायला उशीर लागतो. फिप्रोनिलचा फवाराही मिळतो, तो आदल्या रात्री किंवा सकाळी मारू नका. त्यात स्पिरिट असतं आणि स्पिरिट पेट घेतं. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला काही ठिकाणी विजेवरचं डाग द्यायचं यंत्र वापरतात.

समजा, हे वाचायच्या आधीच तुम्ही काहीतरी लावून बसलाय. तर लपवू नका. सकाळी उठून दवाखान्यात फोन करा, काय लावलं, किती वाजता, किती, ते सांगा. बाटली किंवा खोकं सोबत न्या. तारीख पुढं ढकलली तर ढकलू द्या. आठ दिवसांनी ऑपरेशन होतंच.

आदल्या रात्रीचं आणखी एक काम आपल्याकडं हमखास चुकतं. मोठ्या मांजराला ऑपरेशनच्या आधी काही तास उपाशी ठेवायला सांगतात, कारण गुंगीच्या इंजेक्शननं उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाऊ शकते. आपण रात्री वाटी उचलून ठेवतो आणि मांजर मात्र चाळीत जाऊन उंदीर खाऊन येतं! रात्री त्याला खोलीत कोंडूनच ठेवा. पाणी ठेवलं तर चालतं, कधी उचलायचं ते डॉक्टरांना विचारा. लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, त्याची साखर उतरते, त्याची वेळ वेगळी सांगतात.

विषबाधा झालीच तर

थरथर, कान-पाय झटके देणं, लाळ, झोकांड्या, मोठी झालेली बाहुली. हे औषध लावल्यापासून काही तासांत दिसतं, कधी दुसऱ्या दिवशीही. मांजर शुद्धीत असेल आणि झटके नसतील तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा पातळ साबण घेऊन अंग धुवा, लगेच कोरडं करून गोधडीत गुंडाळा आणि निघा. झटके येत असतील तर धुवत बसू नका, तसंच न्या. दूध, तूप, मीठ-पाणी पाजू नका. झटके येणाऱ्याच्या घशात ते सरळ फुप्फुसात उतरतं. उलटी करवायचा प्रयत्नही नको.

घरातल्या पिसवांचं काय

इथं बहुतेकांची मेहनत वाया जाते. मांजराच्या अंगावर दिसतात त्या फक्त मोठ्या पिसवा. अंडी, अळ्या आणि कोष हे सगळं मांजर जिथं झोपतं तिथं पडलेलं असतं. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालते, ती केसांवरनं घरंगळून खाली पडतात. उबदार, दमट हवेत तीन-चार आठवड्यांत पुढची पिढी तयार. कोषातली पिसू तर महिनोन् महिने दडून राहते आणि पायाची धमक किंवा अंगाची ऊब लागली की बाहेर येते. बंद घर उघडल्यावर पायाला एकदम पिसवा चढतात त्या याच.

म्हणून ऑपरेशन करून मांजर घरी यायच्या आधी त्याची जागा साफ करा. पोतं असेल तर ते टाकूनच द्या. गोधडी, फडकी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाका. भिंतीच्या कडा, फरशीच्या फटी, चुलीमागचा कोपरा, खाटेखालचं सगळं झाडून घ्या आणि तो केर अंगणात न टाकता जाळा. सारवलेली जमीन असेल तर तडे बुजवून नव्यानं सारवा. कुत्र्याच्या, शेळ्यांच्या अंगावरही याच पिसवा राहतात, त्यांचंही त्यांच्यासाठीच्या औषधानं बघा. शेळीच्या करडाशेजारी मांजर झोपत असेल तर एकट्या मांजरावर औषध घालून काही उपयोग नाही. घरात फवारणी केली तर मांजर तिथं नको आणि ऑपरेशनच्या आठवड्यात तर फवारणीच नको.

ऑपरेशननंतर

टाके असेपर्यंत, साधारण 10 ते 14 दिवस, आंघोळ नाही आणि अंगावर फवारा नाही. पिसवा चावत राहिल्या की मांजर पोट चाटतं, टाके ओढतं. म्हणून फणी रोज चालू ठेवा, पोटाचा भाग सोडून. गळ्यात घालायची गोल कॉलर दिली असेल तर दया येऊन काढू नका. आधी थेंब टाकले नसतील तर कधी टाकायचे ते टाके दाखवायला जाल तेव्हा विचारा. आधी टाकले असतील तर पुढची मात्रा बहुतेक औषधांना महिन्यानं असते. जखमेवर हळद, तेल किंवा गाईच्या जखमेचा स्प्रे मारू नका.

आणि दुखतंय म्हणून माणसांची पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. अर्ध्या गोळीनंही मांजर मरू शकतं. जे यकृत गोचिडाच्या औषधाला कमी पडतं तेच या गोळीलाही कमी पडतं. ताप आहे, क्रोसिनचा तुकडा दिला, असं सांगणारी माणसं मी स्वतः बघितलीत आणि त्यांनी ते मायेनंच दिलेलं असतं.

कुठं विचारायचं

मांजराचं ऑपरेशन गावातल्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात होत नाही. तालुक्याच्या लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात आधी फोन करून विचारा. आपल्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. पथक मांजरासाठी येतं का, ते फोनवरच विचारून घ्या. तारीख ठरवताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: गेल्या महिन्याभरात मांजराला काय-काय लावलं, पोटात काय दिलं आणि गोठ्यात किंवा घरात काय फवारलं. शेवटची माणसं विसरतात. मनीच्या वेळी आम्हीही विसरलो होतो. गोठा फवारला होता आणि ती गव्हाणीतच झोपायची. डॉक्टरांनी तारीख आठ दिवस पुढं घेतली.